पैसे पावसाआधी पोचू देत

मोलगी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार

चि. मुली,


तुझं पत्र मिळालं. शिडाच्या लहान होडीतून कोकणचा किनारा करायचा, बंदराबंदरात थांबून लोकांपुढे हात पसरायचा आणि जमेल ते सातपुड्यातल्या कुपोषित मुलांसाठी द्यायचं, हा तुम्हा मित्रमैत्रिणींचा बेत वाचून फार बरं वाटलं. आमच्या डोंगरापासून समुद्र लांब आहे. पण होडीशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशी माणसं इथेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

असा प्रवास आपल्याकडे झालेला आहे. मुंबईचे कौस्तुभ खाडे २०१५ मध्ये कयाक वल्हवत मुंबईहून गोव्याला गेले आणि ‘मॅजिक बस’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी निधी गोळा केला. पुढच्याच वर्षी द्वारकेहून निघून ते कन्याकुमारीपर्यंत गेले, आणि त्या सफरीत शांजली शाही किनाऱ्याच्या रस्त्यानं सायकलवर त्यांच्या बरोबर होत्या. तुम्हीही दोघं पाण्यावर आणि दोघं जमिनीवर असं वाटून घ्या. दिवसभर होडी हाकून थकलेल्या माणसाला संध्याकाळी गावात सभा घ्यायचं त्राण उरत नाही.

दुसरी होडी ‘सुहेली’. बत्तीस फुटी, सागवानी, मुंबईत बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडला परतले. त्यांना स्पर्धेचं ५,००० पौंडांचं बक्षीस मिळालं. त्याच स्पर्धेत डोनाल्ड क्रोहर्स्ट समुद्रात नाहीसे झाले. मागे बायको आणि लहान मुलं. नॉक्स-जॉन्स्टननी ती रक्कम त्या घराला देऊन टाकली.  मला यात सगळ्यात मोठी वाटते ती रक्कम देण्याची रीत. म्हणून तुला पहिली अट घालतो. होडीचं भाडं, तुमचं खाणंपिणं, टी-शर्ट, फोटो काढणाऱ्याचे पैसे, यांतलं काहीही मुलांच्या पेटीतून जाता कामा नये. प्रवासाचा खर्च आधी वेगळा उभा करा आणि पेटीचा हिशेब प्रत्येक बंदरात फळ्यावर लिहा.

आता आमच्याकडचं सांगतो. मणिबेलीपासून वर नर्मदाकाठच्या तेहेतीस गावांत सरदार सरोवराचं पाणी आलं. शेतं बुडाली, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायच्या पायवाटा बुडाल्या आणि होडी हाच रस्ता झाला. त्यांतल्या चिमलखेडीच्या अंगणवाडीत अलिगाट आणि दादर या पाड्यांवरच्या आया मुलांना घेऊन होडीनं यायच्या. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं त्यांचं येणं थांबलं. तेव्हा तिथल्या अंगणवाडी कार्यकर्त्या रेलू वसावे यांनी एका मासेमाराची लहान होडी मागून घेतली. सकाळी अंगणवाडी, दुपारी आहाराची पाकिटं आणि वजनकाटा होडीत ठेवून त्या स्वतः वल्हवत निघायच्या. १८ किलोमीटरचं पाणी, आठवड्यातले पाच दिवस. पंचवीस तान्ही आणि कुपोषित मुलं आणि सात गरोदर बाया त्यांच्या यादीत होत्या. परतायला संध्याकाळ व्हायची. ही सफर त्यांनी कधी मिरवली नाही, ते त्यांचं रोजचं काम होतं. तुमच्या होडीवर एखादं नाव लिहायचं असेल आणि मला विचारशील, तर रेलूताईंचं लिही.

अशी ताई पाड्यावर पोचली की काय करते तेही कळू दे. काटा झाडाच्या फांदीला किंवा घराच्या आढ्याला टांगते, मूल झोळीत बसवते. मूल रडतं, हातपाय झाडतं, काटा हलत राहतो. ती थांबते, आईला समोर उभं करते, काटा स्थिरावला की आकडा वाचते. मग डाव्या दंडाच्या मधोमध रंगीत पट्टी गुंडाळते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर पट्टी लाल दाखवते, साडेबारापर्यंत पिवळी. लाल आलेलं मूल आजारीही असेल, तर त्याला आईसह पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावं लागतं. खरी अडचण इथे सुरू होते. घरी आणखी दोन लेकरं असतात, शेळ्या असतात, निंदणी अडलेली असते. आई चौथ्या-पाचव्या दिवशी पोर काखेत घेऊन घरी निघते. औषध आणि आहार सरकार देतं. मागे राहिलेल्या लेकरांना कोण सांभाळणार, याची सोय कुठल्याच योजनेत नीट बसत नाही. तुमचा पैसा तिथे लागावा असं मला वाटतं. पण माझंच म्हणणं प्रमाण मानू नकोस, अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना विचार.

आणि हंगाम सांभाळ. तुमचा समुद्र दिवाळीनंतर निवळतो, तेव्हा तुम्ही निघणार. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, मुलंही फडावरच. काठी गावच्या होळीला माणसं परततात. कमाईवर उन्हाळा निघतो, मोह आणि आंबा हाताशी असतो. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते, देवगोईच्या घाटात दरड येते, ओढे फुगतात, दुखणाईताला बांबूला झोळी बांधून आणावं लागतं. मुलांची वजनं उतरतात ती तेव्हा. त्यामुळे जानेवारीत पैसे जमले म्हणून जानेवारीतच घाईनं कार्यक्रम करून वाटू नका. ते राखून ठेवा आणि मेअखेर इथे पोचवा.

सुरक्षेबद्दल एकच सांगतो, पण ते कडक. २०१९ च्या संक्रांतीला आमच्या शेजारच्या धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत होडी उलटली आणि माणसं गेली. सणाचा दिवस होता. तुमच्या होडीत ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त चढवू नका, अंगातलं जॅकेट किनारा लागेपर्यंत काढू नका. वाऱ्याबद्दल त्या त्या गावच्या कोळ्यांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर तो दिवस बंदरात काढा, कार्यक्रम ठरलेला असला तरी.

उत्तर लवकर पाठव. किनारा कुठून कुठवर करणार, प्रवासाचा खर्च कोण देणार आणि तुमच्यातलं कोण निघण्याआधी चार दिवस मोलगीला येऊन पाडे बघून जाणार, हे तिन्ही त्यात लिही. राहायची सोय माझ्या घरी आहे.

तुझे,
मोलगीचे एक निवृत्त गुरुजी