ग्लासाशिवाय बर्बन

गुजरातेत, सुरतजवळच्या सचिनमध्ये बसून अमेरिकन व्हिस्कीवर मनन करायचं, तर समोर ग्लास नसणार हे आधीच ठरलेलं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. 1960 नंतर महाराष्ट्राने परवान्यांची वाट काढली, गुजरातने बंदी राखली. त्यामुळे खानदेशातून येऊन लूमवर आणि डाइंगमध्ये रुजलेली इथली मराठी माणसं हा विषय काढतात तो दमण नाहीतर नवापूरचं नाव घेऊनच. त्याची कुरकुर आज नको. ग्लास हातात असला की माणूस पहिल्या घोटाला निकाल देऊन मोकळा होतो. आज निकाल द्यायला काही नाही, म्हणून जरा सावकाश जाता येईल.

बसा. पाठ टेकवा. आधी नाकाकडे लक्ष द्या.

जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीकडून वारा आला की रंगाचा, ओल्या कापडाचा, काहीतरी आंबूस रसायनाचा वास येतो. सचिन स्टेशनवर नव्याने उतरणाऱ्याला तो लगेच जाणवतो, इथे राहणाऱ्याला जाणवत नाही. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक थोड्या वेळात सोडून देतं. तो वास शोधून पाहा. सापडला तर ठीक, नाही सापडला तरी ठीक. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बरंचसं नाकाचं काम, आणि तेही घशाच्या मागून चाललेलं. म्हणजे व्हिस्कीबद्दल भांडणारी दोन माणसं खरं तर आपापल्या नाकांची वकिली करत असतात.

आता मका आठवा. हिरवं कणीस नको. अमळनेर-दोंडाईचाकडच्या खळ्यावर वाळलेला, दात लागणार नाही असा पिवळा दाणा घ्या. तो दळा. पिठाचा कोरडा, किंचित गोडसर वास नाकाशी धरा आणि थोडा वेळ तिथेच थांबा. अमेरिकी नियमाप्रमाणे व्हिस्कीला बर्बन म्हणवून घ्यायला धान्यात निदान 51 टक्के मका लागतो. गंमत अशी की साखर ऊर्ध्वपातनात वर चढत नाही. भट्टीतून उतरणाऱ्या दारूत ती नसते, तरी पिणारा ‘गोड आहे’ म्हणतो. हे गोड कुठून आलं, याचं उत्तर आत्ताच देऊ नका.

उरलेल्या धान्यावरून पिणाऱ्यांत फूट पडते. कुणी त्यात राय घालतं (आपल्या फोडणीतली राई नव्हे, थंड मुलखातलं गव्हाच्या नात्यातलं धान्य), तर कुणी गहू. जोडीला थोडं मोड आणलेलं जव. मेकर्स मार्क या बर्बनमध्ये रायऐवजी गहू असतो. ओल्ड ग्रँड-डॅडमध्ये राय भरपूर, म्हणून तिच्यात मिरीसारखा कोरडा झणका येतो. गव्हाच्या बाजूचे म्हणतात, राय ओरखडते. रायवाले म्हणतात, गहू मिळमिळीत. दोघांना मनात शेजारी बसवा. कोण बरोबर हे ठरवायचं नाही. दोघांचा आवाज कुठे चढतो तेवढंच ऐका.

पुढचा मुक्काम लाकडाचा, आणि इथे घाई करू नका. बर्बन भरायला ओकचं पीप नवंच लागतं आणि ते आतून जाळलेलं लागतं. दारू भट्टीतून उतरते तेव्हा पाण्यासारखी असते. रंग सगळा लाकडाचा. उन्हाळ्यात ती लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. जळलेल्या थराखाली लाकडातली साखर करपून कॅरमेल होते, लिग्निन फुटून व्हॅनिलाचा वास देतं, आणि ओकमधल्या लॅक्टोनला चक्क खोबऱ्याचा वास असतो. हे तीन वास एकेक करून आठवा: करपत आलेली साखर, व्हॅनिला आइस्क्रीमचा उघडलेला डबा, सुकं खोबरं. मघाचं गोड कुठून आलं ते आता दिसेल. जीभ फारशी त्यात नव्हतीच. या वासांच्या सोबतीला आजवर जे गोड खाल्लं, त्याची ती आठवण होती. ज्याच्या घरी खोबरं काळ्या मसाल्यात भाजलं जातं आणि ज्याच्या घरी त्याची वडी होते, त्या दोघांना एकाच पिपातून एकच गोष्ट मिळेल असं मला वाटत नाही.

बर्बनसाठी पीप एकदाच चालतं. नंतर ती पिपं स्कॉटलंडला जातात, आपल्या गोव्यातही येतात; पॉल जॉनची सिंगल माल्ट त्यांत मुरते.

टेनेसीतल्या लिंचबर्गची जॅक डॅनिअल्स पिपात जाण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळतात. मग ती बर्बन की नाही, यावर लोक रात्र घालवतात. मला त्या वादात रस नाही. त्या गावात आहे. ते ज्या मूर काउंटीत आहे तिथे दारूबंदी आहे. जगभर जाणारी बाटली तिथेच भरायची आणि विकत घ्यायला मात्र खास सवलतीची वाट धरायची, हे सचिनच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. ज्याच्या नावाची ही व्हिस्की, त्या तरुण जॅकला भट्टी शिकवली ती निअरेस्ट ग्रीन या गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीय माणसाने. कंपनी हे उघडपणे सांगू लागली 2016 मध्ये. जॅक भट्टी शिकत होता त्याच काळात इथे, 1791 पासून चालत आलेल्या सचिन संस्थानात, जंजिऱ्याच्या शाखेचे सिद्दी नवाब गादीवर होते, तेही आफ्रिकी वंशाचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी दोन्ही थोडा वेळ मनात राहू द्या.

आता आग. मिरचीचा दाह ज्या चेतातंतूंना कळतो, तेच दारूनेही पेटतात. मुळात ते उष्णता ओळखणारे. दारू त्यांचा उंबरठा खाली आणते, म्हणून अंगाच्या नेहमीच्या तापमानालाच ते ‘भाजलं’ म्हणतात. घशात प्रत्यक्षात काही तापलेलं नसतं. बाटलीत 40 टक्के अल्कोहोल तर असतंच, काहींत 60 च्याही वर. एकाला ही आगच हवी असते. दुसरा बर्फ घालतो, तिसरा कोला ओततो आणि बाकीच्यांकडून टोमणे खातो. कोलावाल्याची बाजू कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. त्याला जे छळतं ते त्याने बाजूला सारलं, एवढंच.

रसायनाच्या गावाला शोभेल अशी एक हकिगत. 1931 मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स एक पूड बाटलीत भरत होता. ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, कडू आहे. फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी मुद्दाम चाखून पाहिलं, फरक कायम. ती पूड एकाला कडूजहर आणि दुसऱ्याला बेचव का, याचं उत्तर पुढे जनुकांत सापडलं. ज्याच्या आवडीला तुम्ही आजवर हसलात असा एक माणूस आठवा. दारूतलाच हवा असं नाही. चहात साखर जास्त घालणारा चालेल. त्याच्या तोंडात नेमकं काय घडतं, ते तुम्हाला कधीच चाखता येणार नाही.

मक्याचा वाटा, रायचा, लाकडाचा, आगीचा, एकेक बाजूला ठेवा. जे उरतं ते पिणाऱ्याचं. ग्लास नसताना आपल्याजवळ तेवढंच होतं, आणि त्यावरच इतका वेळ बसता आलं.

आणखी एक माणूस इथे बसवायचा राहिला, कारखान्यातली पाळी संपवून येणारा. बर्बनवरचं आयात शुल्क 2025 च्या फेब्रुवारीत 150 टक्क्यांवरून 100 वर आलं. त्याला त्याचं काय? त्याला मिळते ती चोरट्या दारूची पोटली, आणि तो ती नाक बंद करून घेतो. चवीवरून मतभेद व्हायचे तर आधी बाटलीतल्या मालाचा भरवसा हवा. अमेरिकेतही तो आपोआप आला नाही. भेसळ माजली होती, म्हणून 1897 चा कायदा झाला: एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली, 50 टक्क्यांची बाटली असेल तरच सरकार तिची हमी देईल. बोटाद जिल्ह्यात 2022 च्या जुलैत पोटलीत जे विकलं गेलं ते पाणी घातलेलं मिथेनॉल होतं. चाळीसहून जास्त माणसं गेली. ते कसं लागतं, हे त्यांतल्या कुणाला कुणी विचारलं नव्हतं.