सणाचं काम मुलांच्या हाती दे

मंगळवेढा

चि. ताई,

मुलांना सण म्हणजे नवे कपडे आणि फोटो एवढंच वाटतं, त्यांना गोडी कशी लावू, असं तू विचारलंस. माझं सांगणं एकच आहे. प्रत्येक सणातलं एक काम मुलांवर सोपव, आणि ते काम याच दिवसांत का करतात ते रानात नेऊन दाखव. आपले सण पेरणी-काढणीला बांधलेले आहेत. हंगाम डोळ्यांनी पाहिला की सण वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

येळवशीपासून सुरुवात कर. मार्गशीर्ष अमावस्येला सोलापूर, लातूर, धाराशिवकडची आणि कर्नाटकाच्या सीमाभागातली माणसं रानात पूजेला आणि जेवायला जातात. तेव्हा आपल्याकडे ज्वारी उभी असते. पाऊस सरल्यावर पेरलेली ही मालदांडी ज्वारी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या मातीमुळे. पोरांना मूठभर माती उकरून आतला ओलावा हाताला लागू दे; पूजा कशाची चालली आहे ते त्यांना उमगेल. थोरल्यानं कडब्याची खोप उभारायला हात लावावा, धाकटीनं पाच दगडांना चुना लावून पांडव मांडावेत. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात त्यांनीच कालवावं आणि पिकावर शिंपडावंही त्यांनीच. भज्जी, उंडे वाढताना बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायचं काम पोरांचं. दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्याची कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट त्या पंगतीत सांग, तिथं ती मनात रुजेल.

बाकीचे सण पुण्याच्या घरातही होतात. घटस्थापनेला घटाखालच्या मातीत मुलांना धान्य पेरू दे. त्यातलेच शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात वेगळे गुंडाळायला सांग. किती उगवले ते त्यांनी लिहून ठेवावं. रब्बीच्या पेरणीआधी शेतकरी बियाणं असंच पारखतो. भोगीला हरभरा, पावटा, गाजर, वांगी मंडईतून मुलांनीच निवडून आणावीत. थंडीत रानात जे पिकतं तेच त्या दिवशी ताटात येतं, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी अंगात ऊब धरते. बेंदराला मातीचे बैल विकत आणू नकोस. वाकडे झाले तरी घरीच करू देत, आणि वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या जनावराची आठवण काढून त्यांना नैवेद्य दाखवा. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीपुढं मात्र मुलांना उभं करू नकोस. साप दूध पीत नाही, तो उंदीर खातो आणि धान्य राखतो. पाटावर नाग काढून पूजा करा आणि हे नीट सांगा.

सगळे सण एकाच वर्षी बसवायचा हट्ट धरू नकोस. वर्षाला दोन मनापासून झाले तरी पुष्कळ. मुलं चुकली, सांडलं, तर ओरडू नकोस, आणि त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नकोस. ज्या सणात आपलं काम असतं, त्या सणाची पोरं पुढच्या वर्षी स्वतःहून आठवण करून देतात.

येळवशीला शाळा असली तर रजेचा अर्ज आधीच दे. आदल्या रात्री मुक्कामाला या, म्हणजे पीठ कालवायला मुलं हाताशी असतील. जावईबापूंनाही आण, खोपीला उंच माणूस लागतो.

तुझी,
आई