कृत्तिका आता पूर्वेला उगवत नाहीत

शतपथ ब्राह्मणात अग्न्याधानाच्या प्रकरणात एक साधं निरीक्षण आहे. बाकीची नक्षत्रं पूर्व दिशा सोडतात, कृत्तिका सोडत नाहीत. म्हणून अग्नी स्थापावेत ते कृत्तिकांवर. मी शाळेत संस्कृत शिकवलं आणि शरदातल्या रात्री मुलांना फलटणकडच्या माळावर नेऊन आकाश दाखवलं. त्या माळावर हे वाक्य अडतं.

पावसाने धुतलेल्या हवेत आधी ध्रुव शोधायचा. या दिवसांत सप्तर्षी संध्याकाळीच मावळलेले असतात, तेव्हा शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांचा आधार घ्यायचा. ध्रुवाकडे तोंड केलं की उजव्या हाताला पूर्व. ऑक्टोबरच्या मध्यावर आठच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका वर येतो, पण ठीक पूर्वेला नाही. तिथून उत्तरेकडे सुमारे 25 अंशांवर. हात ताठ धरून वळलेली मूठ साधारण 10 अंशांची. मुलं अडीच मुठी मोजतात आणि गप्प होतात.

"बाई, म्हणजे ग्रंथ चुकला!" एक मुलगा म्हणाला होता. सोबत आलेले त्याचे आजोबा तितक्याच ठामपणे म्हणाले, "ग्रंथ चुकत नसतो." मला दोघांचंही पटलं नाही.

पृथ्वीचा अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक घेर घेतो. त्यामुळे नक्षत्रांच्या उगवायच्या जागा सरकतात आणि ध्रुवपदही हातोहात जातं. एकेकाळी ते कालेयातल्या ठुबानकडे होतं. आणखी सुमारे 12,000 वर्षांनी खगोलीय ध्रुव अभिजितच्या बाजूला गेलेला असेल. तो अभिजित ऑक्टोबरातल्या या रात्रींना वायव्येला झळकत असतो. मग ध्रुवबाळाला मिळालेल्या अढळपदाचं काय? त्या कथेला मी धक्का लावणार नाही. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून हाकललेल्या पोराच्या निश्चयाची ती कथा आहे, आणि अक्ष कुठेही कलला तरी ती खरीच राहते. शतपथातलं वाक्य निराळं. ती नोंद आहे. नोंदीला कथेसारखं हात जोडून मोकळं होता येत नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ते ओळखलं. 1896 साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात त्यांनी ती नोंद करणाऱ्या ऋषीचा शब्द प्रमाण धरला आणि विचारलं, हे डोळ्यांनी पाहून लिहिलं असेल, तर कधी? गणिताने उत्तर आलं इसवीसनापूर्वी 3000 च्या आसपास. या कालनिर्णयाबद्दल विद्वानांत वाद आहेत, ते असोत. मला मोल आहे ते त्या प्रश्नाचं. ग्रंथ चुकला म्हणणाऱ्याने ऋषीला अडाणी ठरवलं. चुकत नसतो म्हणणाऱ्याने त्याचं ऐकलंच नाही. कुणीतरी रात्रीमागून रात्री जागून क्षितिजावर नजर रोखली आणि दिसलं तेच सांगितलं. माझ्या लेखी श्रुतीचं पावित्र्य त्या प्रामाणिकपणात आहे. त्याच्या ओळी घोकायच्या आणि मान वर करून पाहायचंच नाही, ही श्रद्धा नव्हे, आळस आहे.

यंदा आश्विन अमावास्येच्या मागच्यापुढच्या एखाद्या रात्री गावाबाहेर जा. ध्रुव धरून पूर्व ठरवा, कृत्तिका कुठे उगवल्या ते मुठींनी मोजा, आणि तारीख, वेळ, जागा घालून वहीत लिहून ठेवा.