दान की ऋणफेड?

सप्ताहाची पंगत उठली की यजमान हात जोडून म्हणतात, "महाराज, पुण्य पदरात पडले." आम्हीही "पडले, पडले" म्हणत आलो. परंतु तीसएक वर्षांमागे वाघोलीस काल्याचे कीर्तन झाले, तेव्हा आम्ही या शब्दापाशी अडखळलो. दगडखाणीवर काम करणारी एक बाई प्रसाद घेऊन पुढे आली नि म्हणाली, "म्हाराज, आजचं जेवान झालं. पण पोरगं उद्याबी खडीच फोडणार. त्याचं काय?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. उपरणे सारखे केले आणि गाडीत बसलो.

प्रश्न असा की, गरिबास आपण देतो ते दान, की त्याचेच देणे?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दानास भगवंतांनी एक अट घातली आहे: घेणारा 'अनुपकारी' असावा, म्हणजे त्याने आपल्यावर उपकार केलेला नसावा. पाठशाळेत हे लक्षण आम्ही घोकले होते. त्याची दुसरी बाजू त्या बाईने दाखविली. ज्याचा उपकार आपल्या डोक्यावर आहे, त्यास दिले ते दान कसे? ती ऋणाची फेड होय.

आता खाणकामगार अनुपकारी आहे काय? वाघोलीच्या आसपासच्या खाणींतली खडी पुण्याच्या घरांत नि रस्त्यांत गेली. वडार मंडळींनी आणि दूरदूरहून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांनी घण-पहार चालवून ती काढली. दगडाची धूळ वर्षानुवर्षे छातीत बसून सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. दुसऱ्यांच्या घरांना दगड पुरविणारा स्वतः झोपडीत राहतो, आज या खाणीवर तर उद्या त्या. मग मुलाचे नाव शाळेत टिकावे कसे?

हे ओळखून १९९७ साली बस्तू रेगे यांच्या पुढाकाराने 'संतुलन' ही संस्था उभी राहिली. मूल शाळेपर्यंत पोचत नाही, तर शाळाच खाणीवर न्यावी, हा साधा विचार. या शाळांना नावही साजेसे मिळाले: पाषाणशाळा. त्याबरोबरच रेशनकार्डासारख्या हक्कांसाठी संस्थेने कामगारांना बोलते केले. पुढे १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानेच मिळाला. म्हणजे त्या बाईने भीक मागितलीच नव्हती. आपले येणे मागितले होते.

कोणी म्हणेल, "महाराज, हे राजकारण झाले. वारकऱ्याने नाम घ्यावे." नाम तर घ्यावेच. पण चोखोबांचे स्मरण ठेवून घ्यावे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. दगडमातीचे काम करता करता गेलेला हा आपला संत! महाद्वारी त्यांच्या समाधीपुढे आपण मस्तक ठेवतो. नुसती फुले वाहून ऋण फिटले असते, तर विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण कशाला करावे लागले असते?

अन्नदान बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. भुकेल्याला आधी भाकरीच. मात्र भाकरी देऊन आपण मोठे झालो असे वाटले, की समजावे, हिशेब चुकला. दयेत देणारा वर राहतो, घेणारा खाली. न्यायात दोघे एका पंगतीत बसतात. आणि वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणाऱ्या आपल्या संप्रदायास ही पंगत नवी नाही.

तेव्हा सज्जनहो, पुढच्या सप्ताहाच्या वर्गणीची वही उघडाल, तेव्हा शेजारी दुसरी एक वही ठेवा. आपल्या शिवारात खाणीवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला किती कुटुंबे आली, त्यांची मुले किती, शाळेत जातात किती, एवढेच तिच्यात लिहा. एक मूल राहिले असेल तर त्याचा हात धरून शाळेत पोचवा. पुण्य पडले की नाही ते पांडुरंग पाहील. त्या बाईचे उत्तर मात्र आम्ही अजून देणे लागतो.

रामकृष्णहरि.