पुंगळी आणि मालकी

स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू पूर्णपणे आपली असते काय? हा प्रश्न आमच्यापुढे कायद्याच्या पुस्तकाने ठेवला नाही, मोहल्ल्यातल्या मोटारसायकलींनी ठेवला. शंभर सी.सी.ची जुनी गाडी घ्यायची, सुटीच्या दिवशी दारात पोते अंथरून ती खोलायची आणि मनासारखी करायची, हा आमच्या तरुणांचा आवडता शौक. यामाहाची आर.एक्स. १०० १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. तरी ती आजही रस्त्यावर दिसते, ती अशाच हातांमुळे.

या शौकाला आम्ही नावे ठेवणार नाही. त्यात हुनर आहे. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. कॉफीसारखा असेल तर मिश्रण ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त. पांढऱ्या प्लगकडे दुर्लक्ष केले तर इंजिन तापते आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. यंत्रापुढे थापा चालत नाहीत. वर्गात ज्याचे लक्ष लागत नाही, तो मुलगा इथे कारण आणि परिणाम यांचा धडा आपणहून शिकतो.

'हक्क' आणि 'मालक' हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतून आले. अरबीत 'हक्क' म्हणजे अधिकार आणि सत्यही. तेव्हा गाडीवर हक्क सांगणाऱ्याने गाडीचे सत्यही जाणून घ्यावे. ते सत्य असे की, तिचे सगळे भाग मालकासाठी बनवलेले नसतात. सीट, हँडल, चेन स्वारासाठी. मडगार्ड मागून येणाऱ्यासाठीही. आणि सायलेन्सर तर मुख्यतः अशा माणसासाठी, जो त्या गाडीवर कधी बसणारच नाही. तो शेजाऱ्याचा भाग आहे.

त्यातली पुंगळी काढली की गाडी जोरात पळते, असा समज आहे. टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. तिथे सायलेन्सरच्या पोटाचा आकार हिशेबाने दिलेला असतो. बाहेर पडणाऱ्या वायूची लाट त्यावर आपटून परत फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. हा हिशेब मोडला की आवाज वाढतो, ताकद मात्र बहुधा घटते.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने असे फेरफार रोखले आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण दंडाच्या भीतीने बसवलेली पुंगळी चौकातला शिपाई वळला की पुन्हा निघते.

तरुण विचारतात, "वरातीत डी.जे. दणाणतात, मोठ्यांच्या गाड्या भोंगे वाजवत जातात. मग डोळा आमच्याच गाडीवर का?" तक्रार खोटी नाही. पण दुसऱ्याचा गोंगाट आपल्याला गोंगाटाचा परवाना देत नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी पाठ टेकलेल्या कामगाराची झोप डी.जे.ने मोडली काय आणि आमच्या पोराने मोडली काय, त्याला फरक पडत नाही. फरक इतकाच, की आमच्या पोराला तो ओळखतो.

या आवाजामागचे दुःखही आम्ही समजतो. ज्याचे म्हणणे घरात कोणी ऐकत नाही, नोकरीच्या रांगेत कोणी विचारत नाही, त्याला वाटते, निदान गल्लीला तरी कळावे की मी आलो. मात्र गल्ली दचकते तेव्हा ती त्याचे ऐकत नसते, खिडकी लावून घेत असते. उलट नीट लावलेल्या इंजिनाची संथ लय ऐकून एखादा म्हातारा मिस्त्री थांबतो आणि विचारतो, "बेटा, ही कोणी बांधली?" त्या एका प्रश्नात जी इज्जत आहे, ती पुंगळी काढून मिळत नाही.

म्हणून पान्हा उचलण्यापूर्वी एवढेच पाहावे, की या बदलाची किंमत कोण भरणार? स्प्रॉकेटचे दात बदलले आणि पिकअपसाठी ॲव्हरेज घटले, तर पेट्रोलचे पैसे आपले. तो बदल खुशाल करावा. ज्याची किंमत न विचारलेल्या माणसाला झोपेने भरावी लागते, तो बदल करायला गाडीची मालकी पुरी पडत नाही.