सामाईक म्हणजे कुणाचं?

मराठी माणसाला ‘सामाईक’ या शब्दाने जेवढं कोर्टात नेलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याही शब्दाने नेलं नसेल. सामाईक भिंत, सामाईक विहीर, सामाईक जिना. आता संगणकवाल्यांनी त्यात भर घातली आहे: सामाईक कनेक्शन!

आमचा भाचा महाप्याला प्रोग्रॅमर आहे. डेटाबेसशी बोलायची वाट म्हणजे कनेक्शन, आणि एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी राबणारे कारकून म्हणजे थ्रेड, असं आम्हांला त्याने समजावलं. आता, या कारकुनांनी एकच वाट वापरावी का? पायथॉन भाषेच्या १९९९ सालच्या ‘पेप २४९’ या टिपणात उत्तर एका आकड्यात आहे. शून्य असेल तर काहीच वाटून घ्यायचं नाही. एक असेल तर मोड्यूल वाटा, कनेक्शन नको. दोन असेल तर कनेक्शनही चालेल. तीन असेल तर कर्सरसुद्धा. (घर एक पण चुली वेगळ्या; मग चूल एक; मग ताटही एकच!) शिवाय पुढे खुलासा असा, की वाटून घेणं म्हणजे कुलूप न लावता वापरणं, आणि कुलूप लावलं तरी दरवेळी भागेलच असं नाही. विम्याचे कागद लिहिणाऱ्याचाच हा चुलतभाऊ असावा.

पायथॉनच्या एसक्यूलाइट मोड्यूलमध्ये तर हा आकडा वर्षानुवर्षं १ असाच ठोकून बसवलेला होता, आतलं इंजिन कसंही बांधलेलं असो. २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून तो वस्तुस्थिती पाहून बोलू लागला.

“म्हणजे आकडा दोन दिसला की निर्धास्त?” आम्ही विचारलं.

“कोसळणार नाही एवढंच, मामा. हिशेब बरोबर येईल असं कुठं म्हटलंय?”

आणि इथे आमच्यातला बँकवाला जागा झाला. समजा, ‘अ’ने एका खात्यातून पाचशे रुपये वजा केले, दुसऱ्यात जमा करायचे बाकी आहेत. तेवढ्यात त्याच कनेक्शनवर ‘ब’ आपलं काम आटोपून ‘कमिट’ म्हणतो. झालं! ‘अ’ची अर्धी नोंदही कायमची पक्की. पुढे ‘अ’ मध्येच बंद पडला तर पाचशे रुपये हवेत, आणि कुठेही चुकीचा संदेश नाही.

आता पापाचा धनी कोण? ‘ब’ने स्वतःचं काम चोख केलं. ‘अ’नेही काही वावगं केलं नाही. लेजरच्या जमान्यात नोंदीपुढे ज्याची त्याची सही असे. इथे दोघांची मिळून एकच सही. आमच्या मते दोषी तिसराच: ज्याने ‘चालतं’ एवढंच लिहिलं आणि व्यवहार कुणी, कधी मिटवायचा ते लिहायचं टाळलं. ‘चालतं’ आणि ‘बरोबर आहे’ यांतलं अंतर आमच्या शाखेतल्या शिपायालाही कळतं.

यावर तोडगा आहे म्हणे. कनेक्शनांचा एक साठा ठेवायचा, त्याला ‘पूल’ म्हणतात. ज्याने त्याने त्यातलं एक घ्यायचं, काम झालं की ‘क्लोज’ करायचं. पण तिथे क्लोज म्हणजे बंद नव्हे, परत ठेवणं! चांगला पूल परत घेताना मागचं अर्धवट काम पुसूनही घेतो.

वाशीच्या आमच्या सोसायटीच्या शिडीला तेवढी अशी सोय नाही. गणपतीपासून ती कुणाकडे आहे, याची चौकशी चालू आहे.