वासनेचे चित्र आणि आमची नजर

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण, येथेच चित्रकलेचे शिक्षण घेणारा, फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या चित्रांचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. एका पानावर नग्न स्त्री. पुढे १९५९ साली रंगविलेला क्रूसावरील ख्रिस्त, काळा, वेदनेने विद्रूप. "फादर, एकाच हाताने ही दोन्ही काढणे पाप का?" त्याने विचारले. "मिटून ठेव ते," एवढेच आम्ही म्हणालो. तो निमूटपणे गेला.

सूझा १९२४ साली गोव्यातील साळगावात कॅथलिक घरात जन्मले. बालपणी देवीच्या आजारातून वाचले, म्हणून आईच्या नवसाचे 'फ्रान्सिस' हे नाव. १९४९ साली मुंबईच्या प्रदर्शनातील त्यांच्या नग्न आत्मचित्रावर अश्लीलतेचा ठपका आला. त्याच वर्षी ते लंडनला गेले.

आमचे कोल्हापूर बाबूराव पेंटर आणि रवींद्र मेस्त्री यांचे. येथे व्यक्तिचित्रासाठी माणूस फेटा बांधून, शाल सावरून बसतो. आपण जसे दिसावे असे त्याला वाटते, तसा बसतो. सूझा कोणालाच तसे बसू देत नाहीत. प्रतिष्ठित गृहस्थ असो वा धर्मगुरू, डोळे कपाळात चढलेले, दात विचकलेले. त्या झग्यात आम्हीही आहोत, हे पाहणे सोपे नाही.

पापनिवेदनास आलेला माणूस शेजाऱ्याचे पाप सांगू लागला, तर आम्ही त्याला थांबवितो. सूझांच्या आत्मचित्रात निवेदन आहे, झगेवाल्यांच्या चित्रांत आरोप. आरोप खोटा आहे, असे मात्र म्हणवत नाही.

खरी अडचण त्यांच्या स्त्रियांपाशी येते. कित्येक चित्रांत ती केवळ देह उरते. चित्रकार आम्हांस वासनेची नजर दाखवितो आहे, की तीच नजर आमच्या डोळ्यांत घालतो आहे? पहिले असेल तर ते सत्यकथन. दुसरे असेल तर त्या स्त्रीवर अन्याय. आमच्या मते त्यांच्या चित्रांत दोन्ही आहे, आणि कोणत्या चित्रात काय हे पाहिल्यावाचून कळत नाही. मायकेलअँजेलोच्या 'अंतिम न्याया'तील नग्न देहांवर १५६५ साली वस्त्रे रंगविली गेली. १९९४ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात त्यांतील काही काढली, काही ठेवली. तेथेही एकेक आकृती पाहावीच लागली. आम्ही तर पुस्तकच मिटविले.

मागच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या तरुणाकडे ते पुस्तक मागितले. वाचनालयात केव्हाच परत केले, असे तो म्हणाला.